बाब्या, कार्टं आणि ओहायो

कोलंबसला मुलाकडे गेले तोवर माझी समजूत अशी होती की टीव्हीवर कार्यक्रम असतात आणि मधे मधे जाहिराती लागतात. २०१२च्या ऑगस्टात ओहायो राज्यात नेमकं उलटं चाललं होतं. संध्याकाळच्या स्थानिक बातम्या लावाव्यात तर आधी अध्यक्ष ओबामा, मग त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी, पुन्हा ओबामा, मग भलत्याच नावाची कुठली तरी संस्था, मग दोन मिनिटं आगीची नाहीतर रस्तादुरुस्तीची बातमी, की परत रॉम्नी. साबण, शांपू, मोटारी जवळजवळ हद्दपार. विरोधकाचा चेहरा कायम काळा-पांढरा, तोंड अर्धवट उघडं, मागे भुताच्या सिनेमातलं संगीत. स्वतःच्या उमेदवाराची पाळी आली की एकदम रंग, गव्हाचं शेत, झेंडा, हसरी पोरं. शेवटी उमेदवार आपल्या तोंडाने सांगणार, हा संदेश मला मान्य आहे.

मला वाटलं, काय हा विनय! मुलगा म्हणाला, "आई, विनय कसला? २००२चा कायदा आहे. जाहिरातीची जबाबदारी स्वतःच्या आवाजात घ्यावी लागते." म्हणजे आधी समोरच्याला शिव्या द्यायच्या आणि मग खाली सही करायची. जन्म बँकेत सह्या पडताळण्यात गेल्यामुळे मला ही पद्धत पसंत पडली.

मी सांगलीची, वसंतदादांच्या जिल्ह्यातली. साखर कारखान्याची निवडणूक असो की लोकसभेची, राजकारण आम्हाला नळाच्या पाण्याबरोबर येतं. त्यामुळे अमेरिकेची निवडणूक समजायला कितीसा वेळ लागणार, अशा थाटात मी सोफ्यावर बसले. 'हे' शेजारी डुलक्या काढत. पहिल्या आठवड्यातच माझा थाट उतरला.

एक तर, एवढ्या मोठ्या देशाची निवडणूक आठ-नऊ राज्यांतच चालली होती. कॅलिफोर्निया ओबामांचं, टेक्सास रॉम्नींचं, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. एकूण ५३८ प्रतिनिधी-मतं, जिंकायला २७० हवीत, त्यातली ओहायोची तेव्हा १८. आणि ओहायो हरून आजवर एकही रिपब्लिकन अध्यक्ष झालेला नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. घरात मतदार एकही नव्हता. मुलगा आणि सून व्हिसावर, आम्ही दोघं पाहुणे. तरी दोन्ही पक्ष आमच्या सोफ्यावर पाण्यासारखा पैसा ओतत होते.

दुसरं म्हणजे, निवडणूक आयोग कुठे सापडेना. आपल्याकडे तेव्हा आचारसंहिता लागली की मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे जायचे; शिवाय, मतदानाआधी ४८ तास प्रचार बंद होतो, शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही. इथे मतदानाच्या दिवशीही जाहिराती चालूच. ओहायोत निवडणूक घेणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले, रिपब्लिकन. मतदानाआधीच्या तीन दिवसांत लोकांना आगाऊ मत देऊ द्यायचं की नाही, यावर त्यांचा आणि डेमोक्रॅटांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मी सुनेला विचारलं, "अगं, मग पंच कोण?" ती म्हणाली, "कोर्ट. आणि टीव्ही." तेव्हा मला ती थट्टा वाटली.

वर्तमानपत्रांचं वेगळंच. शहरातल्या 'कोलंबस डिस्पॅच'ने अग्रलेख लिहून सांगितलं की आमचा पाठिंबा रॉम्नींना. आडपडदा नाही. आपल्याकडे कुठला पेपर कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण पेपर स्वतः ते छापत नाही. उलट २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं की पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेषात कसा फिरतो. त्या मानाने अग्रलेखातला उघड पाठिंबा मला सोवळा वाटला. पण अग्रलेख वाचतो कोण? खरा कारखाना रात्री आठनंतर सुरू व्हायचा, केबलवर.

मुलगा ऑफिसातून आला की ओबामांकडे झुकलेली एमएसएनबीसी लावायचा. तो गेला की मी रॉम्नींकडे झुकलेली फॉक्स लावायची, कारण रिमोट हातात होता आणि दिवस मोठा होता. गंमत बघा, एकच देश, एकच तारीख, तरी दोन्हीकडच्या बातम्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. मतं वेगळी असतील इतकी माझी तयारी होती. पण काय घडलं याचीच यादी वेगळी असेल, याची नव्हती.

१७ सप्टेंबरला 'मदर जोन्स' या नियतकालिकाने एक चोरून घेतलेलं चित्रण बाहेर काढलं. फ्लोरिडात मे महिन्यात श्रीमंत देणगीदारांसमोर रॉम्नी बोलत होते: ४७ टक्के लोक आयकर भरत नाहीत, सरकारवर अवलंबून आहेत, काही झालं तरी ओबामांनाच मत देणार, त्यांची काळजी करणं माझं काम नाही. एमएसएनबीसीवर ती फीत सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूकडेही फीत आली. १९९८ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठात ओबामा संपत्तीच्या फेरवाटपाबद्दल काहीतरी बोलले होते, तिची. रॉम्नींनी स्वतः फॉक्सवर येऊन तिचा दाखला दिला. पुढे कळलं की ती फीत मधेच कापलेली होती, पुढच्याच वाक्यांत ओबामा स्पर्धा आणि बाजारपेठ यांच्याबद्दल बोलले होते. पण तोवर फिटंफाट झाली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण सांगलीत जन्मली असेल असं मला वाटायचं. तिला अमेरिकेत प्रत्येकी एक वाहिनी होती.

त्याच आठवड्यात गणपती. तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, एका शाळेच्या सभागृहात. आरती झाली, मसालेभाताची रांग लागली आणि रांगेत विषय एकच, ४७ टक्के. एक डॉक्टर म्हणाले, रॉम्नी बोलले ते बरोबरच आहे, फक्त बोलायला नको होतं. एका बाईंनी त्यांना विचारलं, तुमच्या आई-वडिलांचं औषधपाणी कुणाच्या पैशाने चालतं? डॉक्टरांनी जिलेबी घेतली. मतदान करू शकणारे रांगेत थोडेच होते, आवाज मात्र पन्नास राज्यांचा.

त्या दिवशी मला एक गृहस्थ भेटले, स्थानिक टीव्ही केंद्राच्या हिशेबखात्यातले. तळेगावचे. त्यांच्याकडून जे कळलं ते कुठल्याच भाष्यकाराने सांगितलं नव्हतं. शेवटच्या ६० दिवसांत उमेदवाराच्या जाहिरातीला केंद्राने सर्वांत कमी दर लावायचा, असा नियम आहे. शिवाय ती नाकारता येत नाही आणि तिच्यातला शब्दही कापता येत नाही, खोटा असला तरी. पण २०१०च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर सुपर पॅक नावाच्या ज्या संस्था उगवल्या, हव्या तेवढ्या देणग्या घेऊन हवा तेवढा खर्च करणाऱ्या, त्यांना हा दर नाही. त्यांनी बाजारभावाने घ्यायचं, आणि बाजारभाव केंद्र ठरवणार. म्हणजे त्याच तीस सेकंदांना ओबामांच्या खात्यावर एक रक्कम आणि रॉम्नींच्या हितचिंतकांच्या खात्यावर तिच्या कितीतरी पट. "मग तुमचं केंद्र कुणाच्या बाजूचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "काकू, आम्ही चुरशीच्या बाजूचे."

हे वाक्य मी पुढे बरेच दिवस चघळत होते.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला डेन्व्हरला पहिली डिबेट झाली. मुलाने सुट्टी काढल्यासारखी तयारी केली, पोहे-बिहे. ओबामा खाली मान घालून टिपणं काढत राहिले, रॉम्नी फडाफडा बोलले. एवढं इंग्रजी मलाही कळलं की ओबामांचा दिवस नव्हता. संपल्यावर 'स्पिन रूम' दाखवली. एक मोठा हॉल, त्यात दोन्ही पक्षांची मंडळी नावाच्या पाट्या उंच धरून उभी, आणि पत्रकारांना सांगताहेत की आमचाच माणूस जिंकला. तिला नावही तेच, फिरकीचं. लबाडीच्या खोलीवर लबाडीची पाटी लावणारा देश मी दुसरा पाहिला नाही.

पण खरा धक्का पुढे. मला वाटलं होतं एमएसएनबीसी ओबामांना सावरून घेईल. तर तिथले निवेदक ख्रिस मॅथ्यूज खुर्चीत मावेनासे झाले. आपल्या माणसावरच एवढे संतापले की मुलाने आवाज कमी केला. त्यांची तक्रार अशी की ओबामांनी आमची वाहिनी बघायला हवी होती, इथे रोज रात्री त्यांना काहीतरी शिकायला मिळालं असतं. मी मुलाला म्हटलं, "अरे, हे अध्यक्षांबद्दल बोलताहेत ना?" त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की हे भाष्य कुंपणावरच्या मतदारासाठी नाहीच. कुंपणावरचा मतदार रात्री आठला ही वाहिनी लावत नाही. ते आधीच ठरलेल्या माणसांसाठी आहे. त्यांना रोज निजायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं असतं की काळजी नको, आपलंच खरं आहे. ओबामांनी त्या रात्री हे सांगणं अवघड करून ठेवलं, म्हणून एवढा राग.

दोनच दिवसांनी बेकारीचा आकडा आला. ८.१ टक्क्यांवरून ७.८. आता पाळी दुसऱ्या बाजूची. जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्श यांनी जाहीर करून टाकलं की शिकागोच्या मंडळींना, म्हणजे ओबामांच्या माणसांना, डिबेट जमत नाही म्हणून त्यांनी आकडे बदलले. पुरावा काही नाही. फॉक्सवर आठवडाभर चर्चा. ज्या आकड्याने धीर सुटतो तो आकडा खोटा, हा न्याय दोन्हीकडे सारखाच चालायचा. फक्त सप्टेंबरात एकाची पाळी, ऑक्टोबरात दुसऱ्याची.

शेजारी एक आजोबा राहत होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त. घरासमोरच्या गवतात रॉम्नी–रायन अशी पाटी. दुपारी बारा वाजले की गॅरेजचं दार वर करून ते रश लिंबॉ यांचा रेडिओ लावायचे, तीनपर्यंत. माझं फिरणं त्याच वेळचं, त्यामुळे आमच्या गप्पा गॅरेजच्या तोंडाशी व्हायच्या. माणूस अतिशय सज्जन. मला टोमॅटो द्यायचे. आणि टोमॅटो देता देता सांगायचे की ओबामांनी देश बुडवला. लिंबॉ म्हणतील ते त्यांना ब्रह्मवाक्य. रिपब्लिकनांच्या टँपाच्या अधिवेशनात रॉम्नींच्या मतचाचणीप्रमुखाने चक्क सांगितलं होतं की तथ्यतपासणी करणाऱ्यांच्या तालावर आम्ही प्रचार चालवणार नाही. मी आजोबांना ते विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तपासणाऱ्यांना कोण तपासतो?

मग ऑक्टोबरच्या अखेरीस जीपची जाहिरात आली. रॉम्नींच्या प्रचाराचा सूर असा की ओबामांनी क्रायस्लर इटालियन कंपनीला विकली आणि आता ती चीनमध्ये जीप बनवणार. टोलीडोत जीपचा कारखाना आहे, आणि ओहायोत आठातली एक नोकरी मोटारधंद्यावर चालते असं तिथे सगळेच म्हणतात. त्यामुळे घराघरात पोटात गोळा आला. क्रायस्लरचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी कामगारांना पत्र लिहून कळवलं की अमेरिकेतलं उत्पादन कुठेही हलणार नाही. चीनमध्ये जे बनेल ते चिनी गिऱ्हाइकासाठी. आजोबांचा पुतण्या टोलीडोच्या त्याच कारखान्यात. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी गेले तर रेडिओ बंद. आजोबा म्हणाले, हे खोटं आहे, पुतण्याने सांगितलं, तिथे उलट माणसं भरताहेत. मी मनात म्हटलं, आता पाटी निघणार. पाटी निघाली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी रेडिओही चालू झाला. जीपचं तेवढं खोटं, बाकी सगळं खरं, असा हिशेब त्यांनी मिटवून टाकला होता. बाकीच्या बाबतीत त्यांचा पुतण्या कुठे नव्हता ना.

शेवटचे दहा दिवस मतचाचण्यांचे. इथे मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण आकडे. गॅलपने रॉम्नींना शेवटी ४९ विरुद्ध ४८ असं किंचित पुढे ठेवलं, ओहायोतल्या बहुतेक चाचण्या ओबामांना पुढे दाखवत होत्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी लिहिणारे नेट सिल्व्हर सगळ्या चाचण्या एकत्र मळून शक्यता काढायचे. मतदानाच्या दिवशी सकाळी ओबामांना त्यांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास नेलं. त्याआधीच, त्यांच्या अशा आकड्यांवर, एमएसएनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमाचे जो स्कारबरो, मूळचे रिपब्लिकन खासदार, भडकले: सामना बरोबरीचा आहे, वेगळं म्हणणारा पक्षपाती. सिल्व्हर म्हणाले, लावा हजार डॉलरची पैज, हरेल त्याने रेड क्रॉसला द्यायचे. त्यांच्याच पेपरच्या वाचकप्रतिनिधीने पैज लावणं शोभत नाही म्हणून कान उपटले. मला तळेगावकर आठवले. बरोबरीचा सामना म्हटल्याशिवाय टीव्ही चालणार कसा?

रिपब्लिकनांकडे एका गृहस्थाने वेगळीच युक्ती काढली होती. प्रत्येक चाचणीत डेमोक्रॅट जास्त घेतलेत असं धरायचं, मनाला पटेल इतके रिपब्लिकन त्यात घालायचे आणि आकडा 'सरळ' करून घ्यायचा. प्रत्येक वेळी रॉम्नी पुढे. वर्षअखेरची शिल्लक आधी लिहून मग तिला जुळतील अशा नोंदी खतावणीत घालणारा एक कारकून आमच्या शाखेत होता. त्याची शेवटी बदली झाली. इथे मात्र त्याच पद्धतीवर मोठमोठी माणसं विसंबली. डिक मॉरिस, एकेकाळचे क्लिंटन यांचे सल्लागार, फॉक्सवर छातीठोकपणे सांगत होते की रॉम्नींना ३२५ मतं पडणार. जॉर्ज विल यांच्यासारख्या जुन्याजाणत्या स्तंभलेखकाने ३२१ सांगितली. आजोबांनी गॅरेजमधल्या कॅलेंडरवर सहा नोव्हेंबरच्या चौकोनात ३२५ लिहून ठेवलं. मला दाखवलं आणि म्हणाले, मॉरिसना आतली माहिती असते.

सहा तारखेच्या रात्री मुलाने त्याची वाहिनी लावली तर मी रिमोट काढून घेतला. आज फॉक्स. मुलगा कुरकुरला, पण आईपुढे काय बोलणार. 'हे'ही जागे होते, हे विशेष. निकाल कोण जाहीर करणार, हे मी अजूनही विचारत होते. तर कुणीच नाही. अधिकृत मोजणीला आठवडे लागतात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८पासून मतांची बेरीज करते आहे. आणि प्रत्येक वाहिनीची एक 'डिसिजन डेस्क' असते, ती आकडे बघून सांगते की अमुक राज्य अमक्याचं. सगळा देश ते मानतो. सुनेने थट्टा केली नव्हती तर.

अकरा वाजून काही मिनिटांनी फॉक्सने ओहायो ओबामांना दिलं. म्हणजे अध्यक्षपदच दिलं. आणि तिथेच बसलेले कार्ल रोव्ह, जॉर्ज बुश यांचे चाणक्य, म्हणाले, थांबा. घाई होते आहे. ओहायोत दोघांत हजारभर मतांचंसुद्धा अंतर नाही, पाव मतं मोजायची आहेत. हे रोव्ह फॉक्सचे भाष्यकार, आणि तेच 'अमेरिकन क्रॉसरोड्स' या सुपर पॅकमागचे सूत्रधार. आमच्या सोफ्यावर ओतलेल्या पैशात त्यांचा वाटा मोठा. ती संस्था आणि तिची जोडसंस्था यांनी मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता. वकील, साक्षीदार आणि फिर्यादी एकाच खुर्चीत. निवेदिका मेगिन केली यांनी त्यांना तोंडावर विचारलं, हे गणित तुम्ही रिपब्लिकन म्हणून स्वतःला बरं वाटावं म्हणून करताय, की हे खरं आहे?

मी टाळी वाजवली. दोन महिने मला जे विचारायचं होतं ते त्यांच्याच वाहिनीवरच्या बाईने एका वाक्यात विचारलं होतं.

मग त्या उठल्या, आणि कॅमेरा त्यांच्या मागोमाग. लांब बोळ, वळणं, आणि शेवटी एका खोलीत आकडेमोड करणारी मंडळी. तिथली माणसं शांत. ती म्हणाली, आमची खात्री ९९.९५ टक्के आहे, कारण उरलेली मतं क्लीव्हलँडकडची आहेत, आणि ती डेमोक्रॅटांची. एवढंच? हे तर आमच्या मतमोजणीच्या मांडवाबाहेर उभा असलेला कुठलाही पोरगा सांगतो, किती पेट्या उरल्या ते सोड, कुठल्या तालुक्याच्या उरल्या ते बघ. रोव्ह यांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पण त्यांच्या मागे देणगीदार होते, समोर त्यांना रोज ऐकणारे लाखो लोक होते, आणि त्या सगळ्यांना धीर देता देता स्वतःलाच तो खरा वाटू लागला असावा. रॉम्नी यांनी तर त्या दिवशी विमानात पत्रकारांना सांगितलं होतं की आपण फक्त विजयाचं भाषण लिहिलंय. रात्री एकच्या सुमाराला बॉस्टनमध्ये त्यांना दुसरं करावं लागलं. ते छान झालं, सभ्य. मुलाचेसुद्धा डोळे पाणावले, मग तो लाजला.

शेवटी ३३२ विरुद्ध २०६. पुढे मोजणी चालतच राहिली आणि रॉम्नींची देशभरातली टक्केवारी उतरत उतरत ४७.२वर येऊन थांबली, यावर मंडळात पुरेशी चेष्टा झाली.

सात तारखेला बारा वाजता मी मुद्दाम गेले. आजोबा पानं गोळा करत होते. रेडिओवर लिंबॉ सांगत होते की काल रात्री देश हातातून गेल्यासारखं वाटलं. मी क्लीव्हलँडच्या मतांचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आजोबांनी ऐकून घेतलं, म्हणाले, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. कॅलेंडरवरचं ३२५ तसंच होतं. मी त्याकडे पाहिलं नाही असं दाखवलं.

जानेवारीत आम्ही सांगलीला परतलो. फेब्रुवारीत मुलाचा फोन आला की फॉक्सने डिक मॉरिस यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. मी विचारलं, शेजारच्या आजोबांना कळलं का?

"मीच सांगितलं," मुलगा म्हणाला. "ते म्हणाले, बरं झालं. त्या माणसावर माझा कधीच विश्वास नव्हता."